बोगद्यातला भोवरा

"फौजदारबाई, चोरी झाली आहे. आत्ताच्या आत्ता या. उशीर झाला तर सहा माणसं जातील."

फोन ठेवता ठेवताच फौजदारबाईंनी हवालदारांना गाडी काढायला सांगितली. चोरी कशाची, हे त्यांनी विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं, "भोवऱ्याची."

"भोवरा?" गाडी चालवता चालवता हवालदार म्हणाले. "म्हणजे आता गोट्या हरवल्याच्या तक्रारी पण आपणच घ्यायच्या का बाई?"

बाई हसल्या नाहीत. डोंगराखालच्या बोगद्यात दरड कोसळल्याचं काल सकाळपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

बोगद्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक होतं आणि फाटकाबाहेर माणसंच माणसं. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचे सासरे. त्यांतून वाट काढत दोघं आत शिरले आणि मागे फाटकाला कुलूप लागलं. कुलपाच्या त्या आवाजानं बाईंनी चटकन मागे वळून पाहिलं. बंद जागेत त्यांचा जीव गुदमरत असे. लिफ्ट टाळून त्या चार चार मजले जिना चढत आणि वजन उतरवायचंय असं लोकांना सांगत. आज जिना नव्हता. डोक्यावर डोंगर होता आणि पुढे अंधारात जाणारी दिव्यांची एक ओळ.

"चोरी झाल्यापासून या फाटकातून कुणी बाहेर गेलेलं नाही," कामाचे मॅनेजर म्हणाले. दोन दिवस न झोपलेल्या माणसासारखे त्यांचे डोळे तारवटले होते. "म्हणजे चोर आत आहे. आणि भोवऱ्याचं यंत्रही आतच आहे."

"आधी सगळं सांगा," बाई म्हणाल्या. "माझ्या हवालदारांना समजेल असं." हवालदारांनी मान डोलावली आणि मग त्यांना टोमणा समजला.

मॅनेजर चालता चालता सांगू लागले. डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरत आणला होता. अर्धा बोगदा इकडून, अर्धा तिकडून, मध्यात दोघांची गाठ पडायची. दरड कोसळली ती पलीकडच्या अर्ध्यात. सहा माणसं पार पुढच्या टोकाला होती, ती तिथंच कोंडली गेली. मागची वाट बंद झाली, हवेचा पाइप चेपला. दरड उपसायला आठवडा लागेल, आणि हवा आज संध्याकाळपर्यंत पुरली तरी नशीब. पण या बाजूचं टोक आणि ते कोंडले आहेत ते टोक यांच्यामध्ये आता थोडाच दगड उरला होता. तो इकडून आरपार भोसकून हवेचा पाइप घालायचा, एवढा एकच मार्ग होता.

"मग घाला की."

"भोक पाडलं. नकाशावर दाखवलंय तिथं, सरळ. जिथं पोकळी लागायला हवी होती त्याच्याही पुढे गेलो. दगडच लागला." मॅनेजरनी कपाळ पुसलं. "म्हणजे कुठला तरी अर्धा वाकडा गेलाय. तिकडच्याची मोजणी गेल्याच महिन्यात दोघादोघांनी तपासली होती. राहिला आमचा. तो किती वाकडा आणि कुठल्या अंगाला, हे ते यंत्रच सांगू शकतं. आज सकाळी मोजणीला लावलं आणि तेवढ्यात कुणीतरी पळवलं. दुसरं यंत्र उद्याशिवाय येत नाही. आणि उद्या आलं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

बोगद्याच्या टोकाशी ड्रिलचं मशिन थांबलेलं होतं. ड्रिलवाला दगडाला कान लावून उभा होता. त्यानं बोट ओठांवर ठेवलं. सगळे गप्प झाले. दगडाच्या पोटातून टक टक असा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"सकाळी जोरात वाजवत होते," ड्रिलवाला म्हणाला. "आता दमलेत."

बाईंना आपला श्वास अपुरा पडल्यासारखं वाटलं. पलीकडच्यांना काय वाटत असेल, हा विचार त्यांनी निकरानं बाजूला सारला आणि कामाला लागल्या.

मोजणीसाहेब एका उलट्या घमेल्यावर बसले होते. पन्नाशी उलटलेले, बारीक चणीचे, शर्टाच्या खिशात मऊ कापडाची नीट घडी.

"काय झालं ते सांगा."

"मी तिपाईवर लावलं होतं यंत्र, त्या पंपाच्या हौदाच्या अलीकडे. मोजणीच्या वेळी जवळपास कुणी नको असतं. जमीन हलता कामा नये, वारा नको. पंखे बंद, पंप बंद, मशिन बंद. मी एकटाच होतो. भोवरा फिरायला लागला, मी त्याला मोकळा सोडला, नुकताच झोके घ्यायला लागला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी मला ढकललं. मी तोंडावर पडलो. उठेपर्यंत यंत्र गायब."

"चेहरा?"

"दिसला नाही. दिवा माझ्या पाठीमागे होता."

"म्हणजे मोजणीचं काहीच उत्तर हाती आलं नाही?"

"छे. सुरुवातच होती."

"आणि हा भोवरा करतो काय? होकायंत्र वापरा ना."

मोजणीसाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "इथं सगळीकडे लोखंडाच्या कमानी. होकायंत्र वेडं होतं. उपग्रहाचा सिग्नल डोंगरातून उतरत नाही. इथं खरं बोलणारा हा एकटाच. बाई, जोरात फिरणारं चाक आपल्या आसाची दिशा सोडत नाही, हट्टी असतं. त्याच हट्टावर विमानं ढगातून जातात, जहाजं वाट धरतात. मोठ्या जहाजाच्या पोटात असं जडशीळ चाक बसवलं की लाटांवरचं हेलकावणंसुद्धा कमी होतं. तुमच्या मोबाइलमध्येही आहे. हात थरथरला तरी व्हिडिओ स्थिर येतो तो उगाच नाही. त्यात चाक नसतं, थरथरणारी बारीक पाती असते, पण युक्ती तीच."

"आणि तुमच्यातला?"

"आमच्यातला केसाएवढ्या पट्टीला टांगलेला असतो. खाली पृथ्वी फिरत असते. तिच्या फिरण्याची त्याला ओढ लागते आणि तो सावकाश झोके घेत घेत खऱ्या उत्तरेकडे तोंड करतो. त्यावरून बोगद्याची दिशा काढायची. फार नाजूक प्रकरण! काम झालं की आधी खुंटी फिरवून त्याला जखडायचं, मग करंट तोडायचा, पुरता थांबेपर्यंत बोट लावायचं नाही. मोकळा असताना कुणी नुसतं उचललं तरी पट्टी तुटते. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो." मग त्यांचा चेहरा पुन्हा पडला. "बाई, यंत्र गेलं ते गेलं. यांना सांगा, ड्रिलचं तोंड डावीकडे वळवा. पावणेतीन अंश. मला पलीकडची टकटक डाव्या अंगाला ऐकू येते."

"सकाळपासून हेच चाललंय यांचं," मॅनेजर चिडून म्हणाले. "टकटक दगडातून सगळीकडून येते. वेळ एकाच भोकाचा आहे. तो मी कुणाच्या कानाच्या भरवशावर घालवू? मोजणी दोघांनी, वेगवेगळी करायची असा नियम आहे. दुसरे अधिकारी दुपारी पोचतायत, ते येऊन काय हात बघणार का माझा?"

"संशय कुणावर आहे?"

मोजणीसाहेबांनी मान खाली घातली. मॅनेजरनीच उत्तर दिलं, "पंपवाल्यावर. सकाळी सगळ्यांदेखत ओरडला, ते भिंगरं हौदात फेकून देईन म्हणून."

पंपवाला तिशीचा, दांडगा, चिखलानं माखलेला. पलीकडे कोंडलेल्यांचा मुकादम त्याचा थोरला भाऊ होता. वहिनी आणि तिची दोन लेकरं फाटकाबाहेर उभी होती.

"म्हणालास की नाही असं?"

"म्हणालो. माझा दादा आत मरतोय आणि हे म्हणतात, पंप बंद कर, ड्रिल बंद कर, कुणी हलू नका, आमचं चाक झोके घेतंय! डोकं फिरलं माझं. बोललो. पण फेकलं नाही."

"पंप बंद केल्यावर कुठं होतास?"

"इथं टोकाला. दगडाला कान लावून."

"कुणी पाहिलं?"

"कोण पाहणार? सगळ्यांना लांब पिटाळलं होतं."

"बोलतोय बघा कसा तोऱ्यात," हवालदार बाईंच्या कानात कुजबुजले. "चोर तो चोर, वर शिरजोर."

बाईंनी बोगद्याकडे पाहिलं. इथं कपाट नव्हतं, खोली नव्हती, उकरायला माती नव्हती. दगड, लोखंड आणि पाणी. वस्तू लपवायची तर पाण्यातच.

"हौद उपसा," त्या म्हणाल्या.

पंपवाल्यानंच पंप सुरू केला. तोवर बाई पंखेवाल्याकडे वळल्या. हवेचे मोठे पंखे सांभाळणारा हा म्हातारा बडबड्या होता आणि कालपासून कुणी त्याला काही विचारलंच नव्हतं, याचा त्याला राग होता.

"पंखे आज किती वेळ बंद होते?"

"अहो, विचारू नका! एक चहा झाला, दुसरा झाला, विडी ओढायची सोय नाही म्हणून तिसराही झाला. घामानं निथळलो. तेव्हा कुठं साहेबांची बोंब ऐकू आली."

"नेहमी असंच ताटकळावं लागतं?"

"नेहमी? छे हो! असं तर दिवाळंच निघेल मॅनेजरांचं. मोजणी काढली की अख्खं काम ठप्प, मग हे खेकसणार. इकडचं खोदकाम निम्मं झाल्यापासून माझे पंखे थांबले ते आजच."

बाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "मध्ये एकदाही नाही?"

"पंख्याची शपथ! बंद पडला असता तर मला आधी कळलं असतं, माझंच तर घर आहे ते."

तेवढ्यात हौदाकडून हाक आली. तळाच्या गाळात यंत्र सापडलं होतं. पितळी बूड, वर उभी नळी, नळीला काचेची खिडकी. हवालदार हरखून गेले. "घ्या! काखेत कळसा! याचाच हौद, यानंच धमकी दिली, यानंच बुडवलं. घालू बेड्या?"

पंपवाला भिंतीला टेकला. "वहिनीला काय सांगू मी," एवढंच तो पुटपुटला.

बाईंनी टॉर्च काढला, गुडघ्यांवर बसल्या आणि यंत्र बराच वेळ न्याहाळलं. मग ते तसंच उचलून टोकाशी आणलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. वारा कोंडला होता, अंगं एकमेकांना लागत होती. दगडामागची टकटक आता फार वेळानं येत होती.

"मोजणीसाहेब, हे तुमचं यंत्र. बघा बरं, त्याला काही झालंय का."

मोजणीसाहेबांनी ते दोन्ही हातांत घेतलं. खिशातलं कापड काढलं, काचेवरचा चिखल अलगद टिपला, आत डोकावले आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

"पट्टी शाबूत आहे," ते म्हणाले.

"आणि खुंटी?"

मोजणीसाहेबांच्या हातातलं कापड तिथंच थांबलं.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "खुंटी पुरती आवळलेली आहे. करंटचं बटण बंद आहे. तुम्ही म्हणता, भोवरा मोकळा होता, झोके घेत होता, तेव्हा कुणीतरी हिसकावून नेलं. तसं असतं तर पट्टी उचलताक्षणी तुटली असती. हे मला तुम्हीच शिकवलंत. रागानं पिसाळलेला माणूस यंत्र बुडवायला निघाला, तर तो आधी ते जखडेल, करंट तोडेल, थांबेपर्यंत वाट बघेल का? तेवढी माया एकाच माणसाला होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, साहेब. यंत्राचा जीव घ्यायला निघालात, आणि तरी त्याला दुखू नये याची काळजी घेतलीत."

पंपवाल्यानं मान वर केली.

"पण यांनी का?" मॅनेजर म्हणाले. "यांचंच तर यंत्र!"

"कारण मोजणी सुरू होतानाच चोरी झाली, हे खोटं. पंखेवाल्याचे तीन चहा होईतो पंखे बंद होते. मोजणी पुरी झाली होती. उत्तर हाती आलं होतं. आणि ते उत्तर यांनी आपल्याला सकाळपासून कितीदा तरी सांगितलंय." बाई ड्रिलवाल्याकडे वळल्या. "अंदाज करणारा माणूस काय म्हणतो? दोन म्हणतो, तीन म्हणतो. पावणेतीन कोण म्हणतं? कानानं कधी पाव अंश ऐकू येतो का?"

ड्रिलवाल्यानं हळूच शीळ घातली.

"आता का, ते. इकडचं खोदकाम निम्मं झाल्यापासून पंखे आज पहिल्यांदा थांबले. पंखे न थांबवता मोजणी होत नाही. म्हणजे मधल्या सगळ्या मोजण्या झाल्याच नाहीत. मागची खूण धरून पुढची खूण, तिच्यावरून तिच्या पुढची, असंच ओढत नेलं. चूक साचत गेली. आज भोवऱ्यानं ती दाखवली. दुपारी दुसरे अधिकारी येऊन पुन्हा मोजणार, त्यांनाही तीच दिसणार. यंत्र नाहीसं झालं तर आजची मोजणी टळली, आणि माणसं सुटल्यावर उद्या मागचं कोण उकरणार? आणि धमकी देणारा माणूस आयता समोर होता. बरोबर?"

मोजणीसाहेबांनी यंत्र छातीशी धरलं होतं. "बरोबर," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की ड्रिलवाला पुढे झुकला. "दर वेळी काम थांबवा म्हटलं की मॅनेजर अंगावर यायचे. आज नको, उद्या. उद्या नको, पुढच्या हप्त्याला. मी भांडलो नाही. एकदा चुकवली, काही बिघडलं नाही. मग दुसरी चुकवली. मोजणी झाली का विचारलं की झाली म्हणायचो. पंखे थांबलेच नाहीत हे यांना दिसत होतं, यांनीही विचारलं नाही."

मॅनेजरनी तोंड फिरवलं.

"मला ती माणसं मारायची नव्हती हो. यंत्र जाईल, मी अंदाज म्हणून खरी दिशा सांगेन, हे ऐकतील, माणसं सुटतील, माझी अब्रूही राहील, असं वाटलं होतं. यांनी ऐकलंच नाही. खरं सांगावं तर मी अडकतो, न सांगावं तर ते मरतात. सकाळपासून त्या घमेल्यावर बसून टकटक मोजतोय मी." ते पंपवाल्याकडे वळले. "अन् तुझं नाव मी घेतलं नाही बाळा, पण कुणी घेतलं तेव्हा नाही म्हणालो नाही."

पंपवाला एक पाऊल पुढे आला. हवालदार मध्ये शिरले, पण त्याचे हात खालीच होते.

"यंत्र आता चालेल?" बाईंनी विचारलं.

"नाही. पाणी शिरलंय."

"म्हणजे तुमच्या शब्दाशिवाय काही नाही."

"खोटारड्याच्या शब्दावर भोक पाडू?" मॅनेजर उसळले. "एकच संधी आहे! मी हुकूम देणार नाही. नकाशाच्या जवळपास पुन्हा पाडा. उद्या चौकशी झाली तर निदान नकाशा तरी दाखवता येईल."

ड्रिलवाल्यानं मॅनेजरकडे पाहिलं, मग पंपवाल्याकडे. त्याचा हात दांड्यावर होता. सगळेच पंपवाल्याकडे पाहू लागले, कारण आत त्याचा भाऊ होता.

पंपवाला मोजणीसाहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "माझ्या दादाची शपथ घेऊन सांगा. किती?"

"पावणेतीन. डावीकडे. आणि मशिन डाव्या भिंतीला चिकटवून लावा."

"फिरव रे," पंपवाला ड्रिलवाल्याला म्हणाला.

बाईंनी मॅनेजरांकडे पाहिलं. "तुमचा हुकूम नको. माझ्या नावावर घाला."

मशिन सरकवलं. मोजणीसाहेबांनी स्वतः दोरी धरली, कोन लावला, तीन वेळा तपासला. कुणी त्यांना बेड्या घातल्या नव्हत्या. जाणार कुठं होते ते? ड्रिल सुरू झालं आणि बोगदा हादरू लागला. धूळ नाकातोंडात गेली. बाईंनी भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. मिटले की डोंगर अंगावर यायचा, म्हणून पुन्हा उघडले. पहिलं भोक जितकं खोल गेलं होतं तिथपर्यंत ड्रिल आलं. दगडच होता. आणखी पुढे गेलं. मॅनेजर काहीतरी ओरडले, ते कुणाला ऐकू आलं नाही. मोजणीसाहेब गाळात गुडघ्यांवर बसले होते आणि पुटपुटत होते, थोडं अजून, थोडं अजून.

मग मशिनचा सूर एकदम बदलला. दांडा झटक्यानं पुढे गेला.

ड्रिलवाल्यानं मशिन बंद केलं, दांडा ओढून काढला. भोकातून उबट, कोंदट हवा बाहेर आली. पंपवाल्यानं त्यात तोंड घालून हाक मारली, "दादा! ए दादा!"

बराच वेळ काहीच आलं नाही. मग खोकला आला आणि पाठोपाठ आवाज.

"आहोत रे. सगळे आहोत. सहाच्या सहा."

हवालदारांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून पुन्हा घातलं. त्यांना काय करावं सुचेना. पंखेवाला रडत रडतच हवेचा पाइप ओढू लागला. पंपवाला भोकाला बिलगून काहीबाही बोलत होता, वहिनी बाहेर आहे, पोरं बरी आहेत, जेवली आहेत.

"कुणी मोजलं रे?" मुकादमाचा आवाज पुन्हा आला. थकलेला, पण त्यात हसू होतं. "मोजणीसाहेबच ना? या पोरांना सांगत होतो मी, रडू नका. पलीकडं आपले साहेब आहेत. त्यांचं कधी चुकत नाही. आहेत का तिथं? हात जोडले म्हणावं."

पंपवाल्यानं वळून पाहिलं. मोजणीसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. बाई त्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पंपवाला क्षणभर घुटमळला. मग पुन्हा भोकाकडे वळला.

"आहेत, दादा," तो म्हणाला. "ऐकतायत."